बोर्ड कोरा, कापड टाका, वर नाचा

मागच्या अंकात मी पांगरोक सुलाप या ग्रुपबद्दल जेमतेम दोन परिच्छेद लिहिले होते. मलेशियातल्या सबाह राज्यातली ही मंडळी इंडोनेशियाच्या एका पंक बँडकडून वूडकट (म्हणजे लाकडावर चित्र कोरून त्याचा ठसा छापणं) शिकली, आता कापडावर नाचून प्रिंट काढते, आणि मग त्यातून काय काय झालं, एवढंच होतं त्यात. वाटलं होतं कोण वाचतंय, पण प्रश्नांचा ढीग आला, त्यामुळे या वेळचं सदर सगळं त्याच विषयाला. सगळ्यांना उत्तर देता आलं नाही, राग मानू नका.

ताई, देवाणघेवाण म्हटलं की आम्हाला स्टेजवरचे दोन झेंडे, शाल-श्रीफळ आणि शेवटचा ग्रुप फोटो एवढंच आठवतं. त्यात कलाकार खरंच एकमेकांकडून काही शिकतात का? (चित्रकला शिक्षक, सांगली)

सर, शाल-श्रीफळाचं अगदी मान्य, मीही असल्या दोन कार्यक्रमांत मागच्या रांगेत उभी राहून फोटो काढून घेतलाय आणि शेजारी उभ्या असलेल्या पाहुण्या कलाकाराचं नावसुद्धा आज मला आठवत नाही. पण म्हणूनच हे उदाहरण मला आवडतं, कारण यात झेंडा नव्हता.

बोर्निओ बेटाच्या उत्तर टोकाला सबाह आहे. बेट एकच, पण वाटणी तिघांत, मलेशिया, इंडोनेशिया आणि मधे चिमुकला ब्रुनेई. सबाह मलेशियात असलं तरी राजधानी क्वालालंपूर समुद्रापलीकडे, विमानानं अडीच तास, त्यामुळे तिथली मंडळी आपल्याकडे कुणी बघत नाही अशी तक्रार कायम करत असतात (आपल्याकडे मराठवाडा-विदर्भातल्या लोकांना हे वेगळं समजवायला नको). तिथे किनाबालू नावाचा ४०९५ मीटरचा डोंगर आहे, त्याच्या पायथ्याला रानाऊ नावाचं गाव. तिथल्या काही पोरांनी २०१० मध्ये ग्रुप काढला. पंक रॉकचा गावठी उच्चार पांगरोक, आणि सुलाप म्हणजे दुसुन या तिथल्या आदिवासी लोकांच्या शेतातली खोप, जिथे दुपारी कामकरी पाठ टेकतात. खोपीतले पंकवाले, असं म्हणा हवं तर. गाणी, गावातली मदतीची कामं, थोडीफार चित्रं असं सगळं चाललं होतं, आणि घोषवाक्य होतं "जांगान बली, बिकिन संदिरी", म्हणजे विकत घेऊ नका, स्वतः बनवा.

मग २०१२-१३ च्या सुमारास जकार्ताचा मार्जिनल हा बँड सबाहमध्ये आला. इंडोनेशियाचा हुकूमशहा सुहार्तो, त्याची राजवट शेवटच्या घटका मोजत होती त्या काळात सुरू झालेला हा बँड, सुहार्तो मे १९९८ मध्ये गेला. यांचा दक्षिण जकार्तात तारिंग बाबी नावाचा अड्डा, म्हणजे डुकराचा सुळा, तिथे गाण्याइतकंच वूडकटही चालतं. योग्याकार्तात याच धाटणीचा अजून एक ग्रुप आहे, १९९८ च्या डिसेंबरात सुरू झालेला तारिंग पादी, भाताचा सुळा, आपण कुसळ म्हणू. कॉलेजच्या रिकाम्या पडलेल्या जुन्या इमारतीत घुसून राहिले होते ते, आणि लाकडावर कोरलेली पोस्टरं छापून रस्त्यावर चिकटवायचे, खाली कुणा एकाची सही नाही. तर मार्जिनलनं सबाहच्या पोरांना वूडकटची कार्यशाळा दिली, बस्स, एवढीच ती देवाणघेवाण. थोडे दिवस, पटाशा, बोर्डाचे तुकडे, शाई. पण सर, तुम्ही शिक्षक आहात म्हणून तुम्हाला पटेल, त्या पोरांना हत्याराच्या जोडीला परवानगी मिळाली असणार. म्हणजे आर्ट कॉलेज न करता, गॅलरी नसताना, आपल्या गावातल्या धरणावर आणि जमिनीवर चित्र काढलं तरी ते चित्रच असतं, हे आपल्यासारख्याच फाटक्या जीन्सवाल्या आणि जवळपास आपलीच भाषा बोलणाऱ्या माणसाकडून कळणं. युरोपातून कुणी तज्ज्ञ येऊन हेच शिकवून गेला असता तर पोरांनी सर्टिफिकेट घेतलं असतं आणि पटाशी माळ्यावर टाकली असती, असं माझं आपलं मत.

मॅडम, आमच्या कॉलेजात प्रेस बंद पडलाय, दोन वर्षं झाली. ते लोक प्रेसशिवाय एवढी मोठी प्रिंट कशी काढतात? नाचून म्हणजे नक्की काय? (विद्यार्थी, कोल्हापूर)

अरे नाचून म्हणजे नाचूनच! एमडीएफ किंवा प्लायचा मोठा बोर्ड घ्यायचा, त्यावर चित्र काढून पांढरं हवं तेवढं कोरून टाकायचं, उरलेल्या उंचवट्यावर रोलरनं काळी शाई फिरवायची, वर कापड अंथरायचं आणि मग बँड वाजायला लागतो आणि येईल तो माणूस त्या कापडावर चढून पाय आपटतो. गावातली आजी, शाळेतली पोरं, पाहुणे, सगळे. माणसांचं वजन म्हणजे प्रेस. आणि गंमत अशी की छापण्यासारखं कंटाळवाणं काम एकदम जत्रेसारखं होऊन जातं, ज्याला चित्रातलं काही कळत नाही त्याचाही त्यात पाय लागलेला असतो, अक्षरशः.

आता मी केलेला गाढवपणा सांगते म्हणजे तुझे पैसे वाचतील. हे वाचल्यावर मलाही चेव आला, आठ बाय चारची एमडीएफची अख्खी शीट आणली, बारा पोरांनी मिळून कोरली, आणि छापायच्या दिवशी म्हटलं आपण आपलं काहीतरी करू, लेझीम लावू. लेझमीत पाऊल पुढे टाकून घासत मागे येतं ना, तिसऱ्याच ठेक्याला कापड चार बोटं सरकलं आणि बैलाला दोन तोंडं आली. त्यामुळे पाय आपटायचा, घासायचा नाही, टाचेवर गिरकी तर अजिबात घ्यायची नाही, आणि कापडाच्या दोन कडा आधी बोर्डाच्या मागे टेपनं चिकटवून घ्यायच्या. मधेच एक कोपरा उचलून बघायचा, काळं नीट भरलं नसेल तर त्या जागी चमच्याची पाठ घेऊन घासायचं. छोट्या प्रिंटला तर नुसता चमचाच पुरतो, स्टीलचा, घरातला.

अजून दोन गोष्टी. एमडीएफ कोरताना जी पिठासारखी भुकटी उडते ती छातीला वाईट, मास्क लाव, आणि बोर्ड पाण्यानं पुसू नको, पावासारखा फुगतो. दुसरं म्हणजे अक्षरं. ठसा उलटा उमटतो हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी प्रत्येक बॅचमध्ये एक जण सुलटं कोरतोच. इंग्रजीत ते लगेच कळतं, देवनागरीत फसवाफसवी होते, आमच्या एका पोरीनं "किती" कोरलं, पहिली ऱ्हस्व दुसरी दीर्घ, आणि छापल्यावर अक्षरं उलटली ती उलटलीच वर ऱ्हस्वाची दीर्घ न् दीर्घाची ऱ्हस्व झाली. शुद्धलेखनाच्या बाई असत्या तर बोर्डच जप्त झाला असता. आधी ट्रेसिंग पेपरवर लिही, कागद पालथा घाल, मग उतरव.

आणि हो, बंद पडलेल्या प्रेसची वाट बघत बसू नको.

मलेशिया आणि इंडोनेशियाचं बाटिकवरून, नाचावरून सारखं भांडण असतं असं ऐकलंय. मग कलाकारांचं कसं जमतं? (वाचक, पुणे)

भांडण आहे आणि चांगलं कडाक्याचं आहे. २००९ मध्ये मलेशियावरच्या एका टीव्ही मालिकेच्या जाहिरातीत बालीचा पेंदेत नाच दाखवला गेला, चूक चॅनेलची होती पण जकार्तात लोक मलेशियाच्या नावानं रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला युनेस्कोनं इंडोनेशियाच्या बाटिकवर मोहोर उमटवली आणि तेव्हापासून तिकडे तो बाटिक दिवस झाला, आपण गांधी जयंतीची सुट्टी घेतो तेव्हा तिकडे अख्खं ऑफिस बाटिकचे शर्ट घालून येतं. त्याही आधी १९६३ ते ६६ मध्ये तर दोन्ही देशांत बोर्निओच्या जंगलात प्रत्यक्ष चकमकी झाल्यात, कारण सबाह आणि शेजारचं सारावाक मलेशियात जाणं इंडोनेशियाचे तेव्हाचे अध्यक्ष सुकार्नो यांना मंजूर नव्हतं.

पण बघा, पांतुन नावाचं चार ओळींचं पद्य आहे, पहिल्या दोन ओळीत पान-फूल-नदी आणि पुढच्या दोनात मनातलं, आपल्या जात्यावरच्या ओवीची लांबची बहीणच, ते २०२० मध्ये दोन्ही देशांनी मिळून युनेस्कोकडे नोंदवलं. कबाया या पेहरावाची नोंद २०२४ मध्ये पाच देशांनी मिळून केली, त्यात इंडोनेशिया आधी नव्हता आणि नंतर आला. म्हणजे भांडतात आणि जुळवूनही घेतात, भाऊबंदकीच ती, बांधावरून वाद पण लग्नाला येणार.

कलाकारांचं जमण्यात भाषेचा मोठा हात. दोन्हीकडची भाषा इतकी जवळची की दुभाष्या लागत नाही, पण मधेमधे फजिती ठरलेली. मलेशियात बुदाक म्हणजे लहान पोर आणि इंडोनेशियात तोच शब्द म्हणजे गुलाम. मलेशियात परचुमा म्हणजे फुकट, इंडोनेशियात म्हणजे व्यर्थ. करेता एकीकडे मोटार तर दुसरीकडे आगगाडी. आपल्याला हे नवीन नाही, हिंदीवाल्यानं "बच्चों को अच्छी शिक्षा दो" म्हटलं की आपल्या आजीला छडी आठवते, तसंच. आणि एक शब्द मात्र दोन्हीकडे अगदी एकाच अर्थाचा, गोतोंग रोयोंग, सगळ्यांनी मिळून एकाचं काम उरकणं. आपली सावड, इर्जिक. ज्या दोन गावांना सावड कळते त्यांना एकत्र बोर्ड कोरायला समजवावं लागत नाही.

हे सरळ कॉपी नाही का? इंडोनेशियाची स्टाइल उचलली आणि आपली म्हणून खपवली. (वाचक, नागपूर)

तुमचा प्रश्न जरा खोचक आहे पण टाळण्यासारखा नाही. स्टाइल सारखी दिसते हे खरं, मुठी, कणसं, गर्दी, जाड काळ्या रेषा, मीही पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गल्लत केली होती. पण मग मागे जायचं तर कुठपर्यंत जायचं? ऑगस्ट १९३१ मध्ये शांघायमध्ये लू शुन या लेखकानं एका जपानी शिक्षकाला बोलावून तेरा चिनी मुलांना सहा दिवस वूडकट शिकवलं, स्वतः दुभाष्या म्हणून बसला, आणि त्या सहा दिवसांतून चीनची अख्खी वूडकट चळवळ उभी राहिली. तोच लू शुन जर्मनीच्या केथे कोलविट्झची चित्रं चीनमध्ये छापत होता. आपल्याकडे चित्तप्रसाद, माणूस बंगालचा, १९४३ च्या दुष्काळाची चित्रं काढलेला, ४६ नंतर मुंबईत आला आणि अंधेरीत राहून लिनोकट (लाकडाऐवजी लिनोलियमवर कोरलेले ठसे) करत राहिला, त्यांच्या त्या काळ्या-पांढऱ्यातही हीच घराणी दिसतात. पटाशीला पासपोर्ट लागत नाही हो.

फरक कुठे पडला ते बघा ना. पांगरोक सुलापच्या बोर्डावर पंकवाल्यांच्या मुठीशेजारी दुसुन लोकांची नक्षी येते, गावच्या गोष्टी येतात, किनाबालू येतो. आणि ती नाचून छापायची पद्धत त्यांनी इतकी आपलीशी केली की आज जगात कुठेही हे नाव निघालं की आधी तेच आठवतं. मला विचाराल तर ज्या दिवशी शिकणारा मास्तरापेक्षा वेगळ्या कारणासाठी प्रसिद्ध होतो त्या दिवशी कॉपीचा गुन्हा रद्द.

एवढं राजकीय काम केलं की सरकार गप्प बसतं का? (वाचक, नाशिक)

नाही बसत. २०१७ मध्ये पांगरोक सुलापनं "सबाह तानाह आयरकू" नावाचं मोठं काम केलं, दोन भागांत. नाव सबाहच्या राज्यगीताचंच आहे. तानाह म्हणजे जमीन आणि आयर म्हणजे पाणी, दोन्ही मिळून मायभूमी, किती साधा आणि किती सुंदर शब्द, जमीन-पाणी माझं. एका भागात जसं सबाह असावं तसं, दुसऱ्यात भ्रष्टाचार, लुटलेलं जंगल वगैरे. क्वालालंपूरच्या एका प्रदर्शनात लागलं, कुणीतरी तक्रार केली आणि ते खाली उतरवलं गेलं. तोवर गावाबाहेर फार कुणाला माहीत नसलेला ग्रुप एकदम पेपरात आला. २०१८ मध्ये ब्रिस्बेनच्या एशिया पॅसिफिक ट्रायनिअल या मोठ्या कला प्रदर्शनात तो ग्रुप होता. तक्रारदाराचे आभार मानायला हवेत, पण तो समोर येईल तर ना.

इंडोनेशियावाल्यांचंही सगळं गोडगोड नाही. २०२२ मध्ये जर्मनीत डॉक्युमेंटा या प्रदर्शनाची सूत्रं जकार्ताच्या रुआंगरुपा ग्रुपकडे होती, त्यांनी लुंबुंग म्हणजे गावाच्या सामाईक भाताच्या कोठाराची कल्पना मांडली, पैसा-वेळ-ओळखी सगळं एकत्र ठेवून वाटून घ्यायचं. तिथेच तारिंग पादीचं २००२ चं एक अवाढव्य बॅनर लावलं आणि त्यात ज्यूविरोधी चित्रं आहेत म्हणून काही दिवसांत उतरवावं लागलं. त्या ग्रुपनं माफी मागितली. यात मी तारिंग पादीची वकिली करणार नाही, ती चित्रं होतीच. पण सही नसलेल्या, शंभर हातांनी केलेल्या कामात एखादा कोपरा कुणी तपासलाच नाही असं होतं हे मला त्या दिवशी कळलं, आणि आमच्या बारा पोरांच्या बोर्डावरही आता छापायच्या आधी मी इंच न् इंच बघते.

पैसे कोण देतं या सगळ्याला? आणि इंडोनेशियाला बदल्यात काय मिळालं? (वाचक, ठाणे)

दोन प्रश्न आहेत तुमचे आणि दोन्ही अडचणीचे. आग्नेय आशियातल्या दोन देशांचे कलाकार भेटतात तेव्हा तिकिटाचे पैसे बऱ्याचदा तिसऱ्याच देशातून आलेले असतात, आणि तो देश पुष्कळदा जपान. २०१४ मध्ये जपान फाउंडेशननं खास एशिया सेंटर काढलं, फुकुओकाचं आशियाई कलेचं म्युझियम तर १९९९ पासून कलाकारांना बोलावतंय. २०१८ मध्ये तिथेच आशियातल्या वूडकट चळवळींचं मोठं प्रदर्शन झालं. म्हणजे शेजाऱ्याची ओळख व्हायला आपण तिसऱ्याच्या घरी चहाला जातो. हे चांगलं की वाईट? पैसा चांगला, पण फॉर्म भरता येणाऱ्यालाच मिळतो, रानाऊच्या पोरांसारख्यांना सुरुवातीला कोण विचारणार होतं, म्हणून मार्जिनलची ती साधी कार्यशाळा मला जास्त मोलाची वाटते.

बदल्यात काय मिळालं याचा हिशोब कुणी मांडलेला नाही. सावडीत जसं, तुझे बैल माझ्या शेतात आले तर माझे तुझ्या शेतात यायला हवेत, इथे ते तसं सरळ फिटलेलं दिसत नाही. पण पांगरोक सुलापवाले सबाहमधल्या खेड्यापाड्यांत जाऊन पोरांना, बायकांना वूडकट शिकवत फिरतात, म्हणजे देणं फेडलं ते पुढच्याला. मार्जिनलला चालत असावं, मला तरी चाललं असतं.

मी सिंगापूरला असते, मुलगी बारावीत, आर्टला जायचं म्हणतेय. इथे काय दाखवू तिला? (वाचक, सिंगापूर)

नॅशनल गॅलरी, २०१५ मध्ये जुन्या सुप्रीम कोर्ट आणि सिटी हॉलच्या इमारतीत उघडलेली. आग्नेय आशियाची चित्रं एका छताखाली बघायला याहून बरी जागा नाही. एका दिवसात सगळं बघू नका, डोकं धरतं. क्वालालंपूरला जाणं झालं तर इल्हाम गॅलरी, आणि सुट्टीत जमलं तर तिला थेट योग्याकार्ताला घेऊन जा, तिथे १९८८ पासून चेमेती नावाची जागा आहे, शिवाय गल्लीबोळात स्टुडिओ आहेत आणि दार उघडं असेल तर आत बोलावतात. आणि तुम्ही बारावीचं टेन्शन घेऊ नका, पटाशी हातात दिलीत तर आपोआप कळेल तिला खरंच आवडतंय का.

कापडावर छापलेली प्रिंट धुता येते का? (वाचक, जळगाव)

येते. तेलाची शाई असेल तर आधी आठवडाभर सावलीत वाळू द्या, आपल्याकडच्या पावसाळ्यात पंधरा दिवस धरा, बोटाला काळं लागत नाही ना बघा. मग थंड पाणी, साधा साबण, हातानं, पिळायचं नाही. पहिल्या धुण्यात थोडा काळा रंग जाईल, घाबरू नका, आणि नवऱ्याचे पांढरे शर्ट त्याच बादलीत टाकू नका, हे मी करून बसलेय.